‘शेती करतो’ म्हणायचं

दादाला कोणी विचारलं, “काय करतोस?” की तो ताठ बसतो आणि म्हणतो, “शेती करतो.” हे वाक्य तो कधी चुकत नाही. गासला, आमच्या गावी, आमची भातखाचरं आहेत, पण गेल्या वीस वर्षांत त्याने तिथे पाऊल टाकलेलं नाही.

हे वाक्य आम्हीच त्याला शिकवलं, माझं लग्न ठरायचं होतं तेव्हा. त्याआधीच, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, त्याला आवाज ऐकू यायला लागले होते. पाण्यात कोणी काहीतरी कालवतंय म्हणून तो आंघोळीला घाबरायचा. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला आणि घराने तो शब्द उंबऱ्याच्या आत दडपला. मला बघायला पाहुणे यायचे होते त्या आठवड्यात आई रोज संध्याकाळी त्याला समोर बसवायची. “पावन्यांनी इचारला तर काय सांगायचा?”

“शेती करतो.”

“चुकू नको हां. चुकलास तर बायचा लगीन मोडंल.”

बाय म्हणजे मी. पाहुणे आले, त्यांनी विचारलं, दादाने सांगितलं, लग्न जमलं. हळदीला घर माणसांनी भरणार, नको ते कोणाच्या हाती लागायला, म्हणून आईने त्याचे सगळे केसपेपर न्हाणीच्या चुलीत घातले. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी एक शब्द बोलले नाही. मला ते लग्न हवं होतं.

आता आई पंचाहत्तरीला आली आहे. वडील सरकारी नोकरीत होते, त्यांच्यामागे तिला पेन्शन मिळते. तिच्यामागे ती दादाला मिळू शकते, पण त्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला हवा आणि त्यावर किमान चाळीस टक्के हवेत. ते नसतील तर आई गेल्यावर दादा कशावर जगणार, या विचाराने माझी झोप उडालेली.

सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं म्हणतात. आमचे सहा महिने सरकारी पोर्टलवर अर्ज भरण्यातच गेले. आधारवर जन्मतारीख एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी. ते निस्तरलं, तर म्हणे जुने उपचाराचे कागद जोडा. कुठून जोडू, चुलीतून? पहिल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आता मोबाइलचं दुकान आहे. शेवटी सध्याच्या डॉक्टरांचं पत्र जोडलं. नालासोपाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात खिडकीमागच्या बाईंनी दादाला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाल्या, “दिसायला तर चांगले आहेत की हे.” माझं डोकं फिरलं. दिसण्यासारखं असतं तर इतक्या खेपा कशाला घातल्या असत्या?

टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे जायच्या सकाळी मी विरारहून गासला पोचले, तर दादा ओट्यावर तयार होऊन बसलेला. गुळगुळीत दाढी, केसांना तेल, इस्त्रीचा पांढरा शर्ट. जो माणूस आठ-आठ दिवस पाण्याला शिवत नाही, त्याला आईने दोन तास खपून आंघोळ घातली होती. “मोठ्या डाक्टरांसमोर जायचा, माझा पोरगा गबाळा नको दिसायला,” ती म्हणाली. मी कपाळावर हात मारला. पण तिला काय बोलणार? माझ्याही पिशवीत त्याच्यासाठी कोरा रुमाल होता.

डॉक्टरांनी विचारलं, “आंघोळ स्वतः करता?” दादाने आईकडे पाहिलं. आईने मान डोलावली. “हो.”

“काम काय करता?”

दादा ताठ बसला. “शेती करतो.”

आईचा चेहरा खुलला. पोरगा चुकला नव्हता. “डॉक्टर, तसं नाहीये,” मी मध्ये पडले, तर ते म्हणाले, “त्यांना बोलू द्या, ताई.” बाहेर रांग होती. त्यांनी ऐकलं ते लिहिलं. दाखल्यावर पस्तीस टक्के आले.

मी आईवर ओरडले, नवऱ्यावर खेकसले, त्या पोर्टलला शिव्या घातल्या. डॉक्टरांचं काय चुकलं होतं? वीस वर्षं आम्ही जे घोकून घेतलं, तेच त्यांनी कागदावर उतरवलं. हे कळत होतं म्हणून राग जास्तच येत होता.

फेरतपासणीचा अर्ज केला. या वेळी आईला सांगितलं, दाढी नाही, आंघोळ नाही, आणि सगळं खरं तू सांगायचंस. ती म्हणाली, “आई हाय मी त्याची. माझ्या तोंडातून नाय यायचा.” मग मीच सांगितलं, दादा शेजारच्या खुर्चीत असताना. याला आंघोळ आई घालते. जेवायला वाढलं नाही तर हा मागत नाही. एकटा नाक्यापर्यंतही जात नाही. शेती करत नाही, कधीच केली नाही, ते आम्ही शिकवलेलं खोटं आहे. डॉक्टर लिहीत होते आणि दादा माझ्याकडे बघत होता. मला त्याच्याकडे बघवेना.

यथावकाश दाखला आला, पुरेसे टक्के घेऊन. पण फेरतपासणीच्या दिवशी नालासोपाऱ्याहून परतताना दादा रिक्षातून बाहेरच बघत होता. गासची खाचरं दिसायला लागली तसा त्याने माझा हात धरला.

“बाय,” तो म्हणाला, “आता सासरी ठेवतील ना तुला?”