सात नंबरचं अत्तर

देवीदास हिवरकर दुसऱ्यांच्या हाताला अत्तर लावत, स्वतःच्या कधीच नाही. स्वतःला लावलं की नाक बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. सदर बाजारातल्या त्यांच्या चिंचोळ्या दुकानात तीस वर्षं हा नेम पाळला गेला. अत्तरं ते स्वतः मिसळत. अभिमान मात्र एकाच अत्तराचा. त्याला नाव नव्हतं, शिशीवर फक्त सात हा आकडा. आधी लिंबाचा आणि संत्र्याच्या सालीचा ताजा वास. तो वीस मिनिटांत उडतो, मग खालून देवदार आणि चंदन वर येतात. उबदार, लाकडाचा वास. तो दिवसभर राहतो.

"सगळ्याले चालते," ते गिऱ्हाइकाला सांगत. "हापिसात लावा, लग्नात लावा, कुठंच खटकत नाही."

त्यांची मुलगी यामिनी कॉलेजात गेल्यापासून रोज तेच लावायची.

तिच्या साखरपुड्याला चौबे कॉलोनीतल्या हॉलमध्ये पाहुण्यांच्या हाताला सात नंबरच लागणार, यात प्रश्नच नव्हता. काचेची कांडी घेऊन देवीदास रांगेनं फिरत होते. मुलाची आई, सरोजिनीबाई, टोकाच्या खुर्चीवर बसली होती. आठ महिन्यांपूर्वी तिचा नवरा गेला. हळदीकुंकवाचं तबक तिला वगळून पुढं गेलं, ते देवीदासांना आवडलं नाही. ते मुद्दाम तिच्याकडं वळले.

"विहीणबाई, हात द्या."

तिनं हात दिला, नाकाशी नेला आणि ती ताडकन उठली. खुर्ची मागं पडली.

"हे कुठून आणलं तुम्ही?"

"माझंच आहे जी. घरचं."

"हे ह्यांच्या अंगाला लावलं होतं. नेताना."

मागच्या रांगेतल्या विमलाकाकूंनी आपला हात हुंगला आणि सावकाश मांडीवर ठेवला. "आमच्या सासूबाईंच्या वेळी पण हेच होतं," त्या पुटपुटल्या. एकानं रुमाल काढला. मग दुसऱ्यानं. देवीदासांनी ज्या ज्या हाताला अत्तर लावलं होतं, तो तो हात त्यांच्यासमोर पुसला जाऊ लागला.

त्यांनी लोकेशकडं पाहिलं. लोकेशचं पूजेच्या सामानाचं दुकान त्यांच्या शेजारी. तो दर महिन्याला सात नंबरच्या छोट्या शिश्या डब्याडब्यानं न्यायचा. लग्नाच्या गिऱ्हाइकांसाठी नेत असेल, असं देवीदास धरून चालले होते. कधी विचारलं नव्हतं.

लोकेशनं हातातली प्लेट खाली ठेवली. "भैया, अंतिम संस्काराच्या सामानात एक-एक शिशी टाकून राहिलो मी. चार साल झाले."

"मले सांगितलं काहून नाही?"

"तुम्हीच तर म्हणता, सगळ्याले चालते."

आता हे लग्न मोडणार, एवढंच देवीदासांना दिसत होतं, आणि ते मोडणार त्यांच्याच हातानं.

"यामिनी, जा बेटा, हात धुऊन ये. साबणानं धू."

यामिनी जागची हलली नाही.

तेव्हा नवरामुलगा शिशिर बोलला. तो आईशीही हिंदीतच बोलायचा. "माँ, उस दिन घाट पे मैंने दो बार पलट के देखा था. लगा, यामिनी पीछे खड़ी है."

"काय बोलतोस?"

"नींबू तो घर पे ही उड़ गया था. वहाँ बाद वाली महक थी. लकड़ी वाली."

सरोजिनीबाईच्या घरातल्या बायका घाटावर, चितेपाशी, जात नाहीत. नवरा दारातून गेला तेव्हा घरभर लिंबाचा वास होता. तिला तेवढाच माहीत होता. पुढं त्या वासाचं काय झालं, हे तिला आठ महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं.

ती यामिनीसमोर येऊन उभी राहिली.

"कधी लावलंस?"

"सकाळी."

"दे हात."

यामिनीचं मनगट तिनं नाकाला लावलं. लिंबू केव्हाच उडून गेलं होतं. तिनं डोळे मिटले नाहीत. बराच वेळ ती तशीच, नुसती श्वास घेत होती.

"असा होता?"

"हाँ, माँ."

"शेवटपर्यंत?"

शिशिरनं होकारार्थी मान हलवली.

सरोजिनीबाईनं ते मनगट सोडलं नाही. देवीदासांकडं न बघताच ती म्हणाली, "अंगठी आणा."

माणसं लगबगीनं उठली. देवीदास तिथंच उभे होते. कांडीवरचा थेंब त्यांच्या तळहातावर ओघळला होता. तीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी तो पुसला नाही, नाकाशी नेला. अजून नुसतं लिंबूच होतं.