आत्याचा ळ

माझी आत्या एका हाडांच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं नोंदणी विभागात होती. नोंदणी विभाग म्हणजे जिन्याखालची खोली, एक टेबल आणि फायलींची चार कपाटं. तिथे सगळे तिला अक्षरबाई म्हणायचे. बरा होऊन घरी गेलेल्या प्रत्येक पेशंटला मोठ्या डॉक्टरांकडून शाईच्या पेनाने लिहिलेलं आभाराचं पत्र जायचं. ते आत्या लिहायची आणि डॉक्टर खाली सही ठोकायचे.

पण ती पत्रं नुसती सुवाच्य नव्हती. आत्या जेवणाच्या सुट्टीत वरच्या वॉर्डात जाऊन बसायची. एका शिंप्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये असताना त्याने डाव्या हाताने एका नर्सचं तुटलेलं बटण लावून दिलं होतं. त्याच्या पत्रात त्या बटणाचे आभार होते. एक निवृत्त बस ड्रायव्हर कंबर मोडून पडला होता, तरी रोज सकाळी सगळ्या वॉर्डाला थांब्यांची नावं पुकारून हसवायचा. त्याला लिहिलं होतं, "तुम्ही गेल्यापासून आमचा वॉर्ड थांब्यावरच अडकून पडलाय." लोक ती पत्रं फ्रेम करून भिंतीवर लावायचे.

डॉक्टरांनी एकदा पेपरात मुलाखत दिली, "मी रोज सकाळी तासभर बसून स्वतः पत्रं लिहितो." आत्याने वाचलं आणि हसून सोडून दिलं. "मोठी माणसं असंच बोलतात गं," असं मलाच समजावलं.

मग डॉक्टरांच्या सूनबाईंनी कारभार हातात घेतला. एक दिवस त्या खाली आल्या आणि आत्यापुढे कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला. "सगळी मुळाक्षरं, सगळी जोडाक्षरं. प्रत्येक चारदा लिहा. अगदी नेहमीसारखी."

आत्याला वाटलं, नव्या मुलींना वळण लावायचं असेल. तिने आठवडाभर मान मोडून लिहिलं. 'ळ' मनासारखा येईना म्हणून दोन कागद फाडून पुन्हा लिहिले.

दोन महिन्यांनी तिला बोलावून सांगितलं, पुढच्या महिन्यापासून यायची गरज नाही. सोबत एक कार्ड दिलं. "आपल्या सेवेबद्दल मनःपूर्वक आभार. आपला काळ आमच्या कायम लक्षात राहील." आत्या ते बघतच राहिली. अक्षर तिचं होतं. पायाशी किंचित मुडपलेला 'ळ' तिचा होता. पण हे तिने लिहिलेलं नव्हतं. तिचं अक्षर कॉम्प्युटरमध्ये घालून मशीनने छापलं होतं.

घरी येऊन ती चार दिवस कपाटातल्या जुन्या वह्या काढून चाळत होती. पाचव्या दिवशी मला म्हणाली, "मला जाड कार्डं आणून दे. दोनशे."

"कशाला?"

"आभार मानायचेत."

पत्रांचे कच्चे मसुदे तिने वह्यांमध्ये जपून ठेवले होते, पत्त्यांसकट. रोज सकाळी चहा झाला की टेबल पुसून ती बसायची. तक्रारीचा एक शब्द नाही. शिंप्याला लिहिलं, "तुमच्या बटणाबद्दल मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं. तुमचं उत्तर आलं, तेही मीच वाचलं आणि फार बरं वाटलं. तेव्हा सांगायचं राहून गेलं, म्हणून आज आभार." खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि 'पूर्वी नोंदणी विभाग'. एवढंच. लिहिताना तिचे ओठ घट्ट मिटलेले असायचे. पाकीट चिकटवताना ती त्यावर मूठ दाबायची.

"आत्या, हे आभार वाटत नाहीत," मी म्हटलं.

"ज्याला लागायचेत त्याला लागतील."

आणि लागले. शिंपी दोन्ही पत्रं, डॉक्टरांच्या सहीचं जुनं आणि आत्याच्या नावाचं नवं, घेऊन दवाखान्यात गेला आणि बाकड्यावरच्या प्रत्येकाला ती शेजारी शेजारी धरून दाखवली. तोवर मशीनची पत्रं जायला लागली होती, सगळ्यांना तोच मजकूर. ड्रायव्हरने डॉक्टरांच्या सहीचं आपलं जुनं पत्र दवाखान्याला परत पाठवलं आणि वर लिहिलं, 'चुकीच्या थांब्यावर उतरलं.' महिनाभरात पेपरात बातमी आली.

एका दुपारी डॉक्टर स्वतः आमच्या दारात उभे. आत्याने खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बाई, तुम्ही माझी अब्रू घालवलीत," ते म्हणाले.

"मी फक्त आभार मानले, डॉक्टर."

"मशीनमधून अक्षर काढून टाकायला सांगितलंय. तुम्ही परत या."

"येण्याचं नंतर बघू. आधी मला एक पत्र लिहून द्या. स्वतःच्या हाताने." तिने कागद आणि पेन पुढे सरकवलं.

डॉक्टरांनी दोन ओळी खरडल्या. आत्याने चष्मा लावून पाहिलं. "वाचता येत नाही. पुन्हा."

त्यांनी पुन्हा लिहिलं. तिने मोठ्याने वाचलं, "आपल्या सेवेबद्दल आभार." मग म्हणाली, "हे मशीनने लिहून झालंय. दुसरं काहीतरी लिहा. एकोणीस वर्षांतली एखादी गोष्ट. कुठलीही."

डॉक्टर पेन धरून बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मलाच अवघडल्यासारखं झालं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. कपाळावर घाम आला. आत्या समोर बसून त्यांच्याकडे बघत होती, आणि इतकं समाधान मी तिच्या चेहऱ्यावर आधी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी त्यांनी तीन शब्द लिहिले, 'काही आठवत नाही', आणि सवयीने खाली सही केली.

"हे मात्र स्वच्छ आलंय," आत्या म्हणाली. तिने कागद काढून घेतला आणि त्यांना दारापर्यंत सोडायला गेली.

ती कामावर परत गेली नाही. तो कागद तिने बाहेरच्या खोलीत, शोकेसच्या काचेला आतून चिकटवलाय. पाहुणे आले की ती आपणहून दाखवते.

"आता काढ तो, आत्या," मी एकदा म्हटलं. "म्हातारा माणूस आहे. लिहिताना हात थरथरत होता त्यांचा."

"पाहिलं ना मी," ती म्हणाली. "म्हणून तर तीनदा लिहायला लावलं."