खिळे ठोकलेल्या खिडक्या
सत्तरच्या दशकात मी नागपुरात एम.ए. करत होते. आमच्या विभागाच्या वाचनालयातून कुणीतरी एक जाडजूड संदर्भग्रंथ खिडकीतून बाहेर टाकून पळवला. चोर काही सापडला नाही, म्हणून शिक्षा खिडक्यांना झाली. सुतार बोलावून सगळ्या खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या. पुस्तकं सुरक्षित झाली. आत बसणाऱ्यांचा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण आम्ही काही रजिस्टरवर चढवलेली मालमत्ता नव्हतो.

मुलींवर तर विशेष कृपा होती. आमच्या अब्रूची काळजी म्हणून एका कोपऱ्यात तीन लोखंडी कपाटं आडवी लावून ‘महिला कक्ष’ तयार केला होता. पंखा कपाटांच्या पलीकडे, मुलांच्या डोक्यावर. त्याचा आवाज मात्र आम्हाला पूर्ण ऐकू यायचा.

माझी मैत्रीण पारशिवनीकडची. घरात कॉलेजात पोचलेली ती पहिलीच. वसतिगृहाच्या खोलीत चौघी असल्यामुळे अभ्यासाला तिला ही एकच जागा. एप्रिलमध्ये, परीक्षा पंधरा दिवसांवर असताना, ती दुपारी नोट्स काढता काढता बाकावरून खाली कोसळली. मी ओढणीने वारा घातला, शिपायाने माठातलं पाणी आणलं. ग्रंथपाल आले, तिच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, “सकाळी काही खाऊन येत जा म्हणावं. आजकालच्या मुली नाजूक.”

ही नाजूक मुलगी सुट्टीत घरी गेली की दिवसभर उन्हात कापूस वेचायची.

शुद्धीवर आल्यावर ती मला म्हणाली, “शेतात मले कधी चक्कर नाही आली वं. इथंच काहून येऊन राहिली?”

आम्ही दोघींनी अर्ज लिहिला. विद्यापीठात अर्जाची दखल घेतली जाते, म्हणजे समिती नेमली जाते. तीन प्राध्यापकांची समिती विभागप्रमुखांच्या खोलीत बसली. तिथे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर होता. आम्हाला आत बोलावलं तेव्हा मला अंगावर शाल घ्यावीशी वाटली.

“तशी हवा ठीकच आहे,” अध्यक्ष म्हणाले, “नेमका त्रास काय होतो?”

मी अर्जात लिहिलेलंच पुन्हा सांगू लागले. मैत्रीण मात्र शांतपणे म्हणाली, “सर, इथं बसून तुम्हाले कसं समजन? बैठक तिथंच घ्या ना.”

नाही म्हणायला कुणाला कारण सुचेना. दुपारचे दोन वाजले होते. तिघेही सर आमच्या महिला कक्षात, कपाटांमागच्या बाकावर दाटीवाटीने बसले. अध्यक्षांनी मुद्दे लिहायला सुरुवात केली. थोड्याच वेळात एकाने कोट काढला. दुसऱ्याने आमच्याच अर्जाने वारा घ्यायला सुरुवात केली. अर्जाचा इतका थेट उपयोग मी तोवर पाहिला नव्हता. अध्यक्षांच्या कपाळावरचा घाम कागदावर टपकला, शाई फिसकटली, आणि ते एकदम उठून ओरडले, “अरे, सुताराला बोलवा कुणीतरी!”

खिळे त्याच संध्याकाळी निघाले. खिडक्यांना जाळी लागली, कपाटं भिंतीला गेली. फलकावर नोटीस लागली : ‘ग्रंथांना हवा लागावी म्हणून खिडक्या उघडण्यात आल्या आहेत.’ नोटीस वाचून मैत्रीण इतकी हसली की ग्रंथपालांनी तिला शांतता राखायला सांगितलं.

ती त्याच कोपऱ्यातल्या उघड्या खिडकीशी बसून अभ्यास करत राहिली आणि पहिल्या वर्गात पास झाली. पुढे कळमेश्वरला शिक्षिका झाली. तिच्या वर्गात शिरल्या शिरल्या ती आधी खिडक्या उघडते, असं तिची एक विद्यार्थिनी मला सांगत होती.

माझा मात्र एक पेपर राहिला. हवा भरपूर होती, त्यामुळे घरी सांगायला सबबही उरली नव्हती.