बुरुलचा बिननावाचा बातिर

माझ्या मुलीला लहानपणापासून धड नायक कधी जमला नाही. इतर मुलं वहीत उडणारा माणूस काढायची. बुरुलचा माणूसही उडायचा, पण उंचावर गेला की त्याला चक्कर यायची. दुसरा एक अदृश्य व्हायचा, पण नेमकी त्याच वेळी त्याला शिंक यायची. तिच्या वर्गशिक्षिका मला म्हणाल्या होत्या, "हिच्या नायकांना आधी दवाखान्यात न्या, मग जग वाचवायला पाठवा." मी घरी येऊन तिला विचारलं, तेव्हा ती गंभीरपणे म्हणाली, "आई, ज्याला काहीच होत नाही त्याची काळजी कशाला करायची?" तेव्हा ती नऊ वर्षांची होती. काळजी करायचं माझं खातं तिनं तेव्हाच ओळखलं होतं.

पुढे ती राजधानीत, बिश्केकला, शिकायला गेली. महिन्याभरात फोन आला, "आई, मी एका मुलाबरोबर रोज संध्याकाळी जग वाचवते." मी विचारलं, मुलगा कुठला, वडील काय करतात, सिगारेट ओढतो का. मग कळलं की वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट रचतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा टाकून ठरतं. गोष्ट रचणारा तो मुलगा म्हणजे एल्दियार. त्याच्या गोष्टीत सगळे बातिर असायचे, अफाट ताकदीचे वीर. सिनेमातल्या सुपरहीरोंसारखे, फक्त आपल्याकडचे. संध्याकाळभर टेबलावर 'माझा बातिर', 'तुझा बातिर' चालायचं.

दोन वर्षांनी एल्दियारची आई सरोवराकाठच्या बालिकचीहून आमच्याकडे आली आणि तिनं बुरुलच्या कानांत कर्णफुलं घातली, म्हणजे लग्न ठरलं. चहा झाला, ओळखी झाल्या. सासूचं नाव शेकेर, सासऱ्यांचं बातिरबेक. साखर आणि वीर! किती गोड आणि भक्कम घर मिळालं, असं मला वाटलं. एवढं शिकून माझ्या डोक्यात हे आलं नाही की सुनेनं सासू-सासऱ्यांचं नाव तोंडातून काढायचं नसतं, म्हणजे आजपासून माझ्या मुलीला साखरही गेली आणि वीरही गेला.

साखरेवर तिनं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तोडगा काढला. ती साखरेला 'चहाची सोबतीण' म्हणू लागली. दुकानात जाऊन तिनं एक किलो चहाची सोबतीण मागितली, तर दुकानदारणीनं मुरांब्याची बरणी पुढे केली. हे तिनंच मला फोनवर हसत हसत सांगितलं. 'बातिर'चं मात्र अवघड होतं.

बालिकचीत बुरुलला घरोघर फिरून विजेचे मीटर वाचायची नोकरी लागली. सोमवार ते शनिवार ती तिथल्या सोसाट्याच्या वाऱ्यात फिरते. कुठल्या गल्लीतला कुत्रा चावतो आणि कुठला नुसता भुंकतो, हे तिला पाठ आहे. सकाळी पाचला उठून सगळ्यांचा चहा, संध्याकाळी भांडी, पाहुणे आले की पुन्हा चहा. रविवारी दुपारी दोन ते पाच एवढाच वेळ तिचा. त्या वेळी सासू-सासरे गुरांच्या बाजारात जायचे आणि पुढच्या खोलीत खेळाचं टेबल मांडलं जायचं. एल्दियार, बुरुल, शाळेत शिकवणारी वेनेरा आणि बोटी दुरुस्त करणारा वेल्डर कुश्तार. ऐकायला कुणी नसल्यामुळे बुरुल त्या तीन तासांत आठवड्याभराचे 'बातिर' बोलून घ्यायची.

मग व्याह्यांनी शेवटच्या मेंढ्याही विकून टाकल्या. बाजारात जायचं कारण संपलं आणि एका रविवारी ते दारात उभे राहून टेबलाकडे बघत राहिले.

"जुगार खेळता?" त्यांनी विचारलं.

"नाही आबा, गोष्ट आहे," एल्दियार म्हणाला.

"गोष्टीत फासे कशाला? आणि हे कसले फासे! चुकोची हाडं मिळवायला निदान मेंढी तरी कापावी लागते. हे प्लास्टिकचे दाणे." आणि जाता जाता त्यांनी निकाल दिला, "पुढच्या रविवारी मी बसून बघतो. पटलं तर खेळा. नाही पटलं तर ते दाणे माझ्या घरातून बाहेर."

बुरुलचा लगेच फोन आला. "आई, ये ना गं. पाहुणे असले की ते जरा मऊ असतात."

"आणि नाही पटलं तर?"

ती म्हणाली, "नाही पटलं तर रविवारही सोमवारसारखाच."

मी जर्दाळूच्या मुरांब्याच्या सहा बरण्या घेऊन मिनीबसमध्ये बसले. वाटभर माझ्या मनात एकच होतं. पोरीच्या तोंडून तो शब्द निसटला तर?

टेबलावर फासे, कागद, बोर्सोकचे तळलेले तुकडे आणि वाळवलेल्या चेबाक माशांची थाळी होती. व्याही भिंतीला टेकून बसले होते. पस्तीस वर्षं बंदरावर क्रेन चालवलेला माणूस, बसला तरी वरूनच बघतो. कानानं जरा कमी ऐकतात, त्यामुळे सगळे मोठ्यानं बोलत होते.

एल्दियारनं गोष्ट मांडली. शंभर वर्षांनंतरचं बालिकची. सरोवर मागे सरकलं आहे, बंदर कोरड्या मातीत उभं आहे, उलान नावाचा तो वारा वाळू उडवतो आहे. अशा गावाला कसा बातिर हवा, ते प्रत्येकानं ठरवायचं. मग त्याची परीक्षा. जुन्या क्रेनच्या आकड्याला एक बोट लटकते आहे, बोटीत शाळेची मुलं आहेत, आणि वाऱ्यानं बोट झुलते आहे.

कुश्तारनं छाती फुगवून सांगितलं, "माझा बातिर एका हातानं जहाज उचलतो. बोटांनी वेल्डिंग करतो."

"उचललं. मग ठेवणार कुठे?" भिंतीकडून आवाज आला.

"म्हणजे?"

"अरे, उचलायला काय, गाढवही पाठीवर उचलतं. खरं काम ठेवण्याचं. बरं, चालू दे."

कुश्तारनं फासा टाकला. त्याच्या बातिरनं क्रेनचा आकडाच उपटला आणि बोट खाली आदळली.

"मेली पोरं," व्याही म्हणाले आणि चेबाकचं डोकं तोडलं.

वेनेराचा बातिर मनातलं ओळखायचा. बारा वर्षं सातवीचा वर्ग सांभाळलेल्या बाईला दुसरं काय हवं असणार? तिनं फासा टाकला आणि सांगितलं, "मुलांच्या मनात भीती आहे."

"ते मलाही इथे बसून कळलं, बाई."

शेकेर व्याहीण दारात चहा ओतत होत्या, त्यांना हसू आवरेना. एल्दियार मात्र घामाघूम झाला होता. त्या घाईत तो सवयीनं वळला आणि म्हणाला, "बुरुल, तुझा बातिर कोण?"

व्याह्यांनी मान वर केली. "मी? माझं काय?"

"तुमचं नाही आबा, खेळातलं."

बुरुलनं डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला. "माझा... तो आपला... हा, माझा कामाचा माणूस."

"कामाचा माणूस," वेनेरानं कागदावर लिहून घेतलं.

"त्याला ताकद नाही. जे झुलतंय ते तो थांबवतो, एवढंच. म्हणजे बघा, मी घरोघर जाते ना. एखाद्या घरी मीटरची चकती सारखी फिरते, थांबते, म्हातारी दिवा लावते, विझवते, लावते. तिला झोप नसते. अशा ठिकाणी हत्ती उचलणारा काय करेल? कुणीतरी येऊन म्हणायला हवं, थांब, धरलंय मी."

"आणि खोट?" कुश्तारनं विचारलं. तोही तिला ओळखून होता.

"खोट... बोलावल्याशिवाय येत नाही. आणि नाव घेऊन मोठ्यानं बोलवावं लागतं. तो जरा बहिरा आहे."

चौघेही भिंतीकडे बघायचं टाळत होते, आणि चौघांनी एकदम एका गोष्टीकडे न बघणं हे बघण्यापेक्षा जास्त दिसतं. व्याह्यांनी मात्र विचारलं, "नाव काय त्याचं?"

"नाव नंतर ठरवते, आबा."

"नाव नाही तर बोलावणार कसं?"

"तेच ना," बुरुल म्हणाली, आणि मला रडू यायचं बाकी राहिलं.

तिनं फासा टाकला. कमी पडला. एल्दियार म्हणाला, बोट आणखी झुलली. दुसरा फासा, तोही कमी. दोरीचे पीळ सुटायला लागले. एल्दियार गोष्टीत शिरला की त्याला बायकोही दिसत नाही आणि बापही. तो उभा राहून ओरडायला लागला, "दोर तुटतोय! बुरुल, बोलाव त्याला! नाव घे!"

"घेते, पण..."

"पण नाही! नाव!"

बुरुल ताडकन उठली. रुमाल मागे सरकला. दोन्ही हात टेबलावर आपटून ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "बातिर!"

"ओ!" भिंतीकडून उत्तर आलं. व्याह्यांचा उजवा हात पुढे गेला होता, मूठ हवेतल्या कसल्या तरी दांड्यावर घट्ट आवळलेली. "धरलंय! सावकाश, सावकाश सोडतो!"



शेकेर व्याहीण किटली घेऊन तशाच उभ्या. "सूनबाई, काय म्हणालीस?"

बुरुल लालबुंद झाली. तिनं रुमाल सावरला आणि वाकून उभी राहिली. "चुकले, एने," ती सासूला म्हणाली. "चुकले, आबा."

"माझीच चूक हो, व्याहीणबाई," मी मध्ये पडले. "मी पोरीला नीट शिकवलं नाही. मुरांबा आणलाय मी." मुरांब्याचा तिथे काय संबंध, ते मलाही आजवर कळलेलं नाही.

व्याही आपल्या मुठीकडे बघत होते. "बंदर बंद झाल्यापासून मला असं खालून कुणी हाक मारली नव्हती," ते म्हणाले. मग एकदम एल्दियारकडे वळले. "बोट कुठे आहे?"

"कुठली बोट, आबा?"

"मुलांची, मूर्खा!"

"हवेत."

"मग? पोरं हवेत लटकवून इथे माफ्या मागत बसायचं? आण तो दाणा."

त्यांनी फासा टाकला. चार. "हा थाळीला लागला," म्हणून उचलला आणि पुन्हा टाकला. नऊ. "हा नीट फिरलाच नाही." तिसऱ्यांदा सतरा पडले. "हं. ठेवली खाली. पोरं उतरली." टेबलावर कुणाचीच काही म्हणायची हिंमत झाली नाही.

"ते सगळं ठीक," शेकेर व्याहीण म्हणाल्या, "पण सुनेनं सासऱ्याचं नाव घेतलं. उद्या शेजारणी मला विचारतील."

व्याह्यांनी चहाचा एक घोट घेतला. दुसरा घेतला. बुरुल अजून वाकलेलीच होती आणि मी तिच्या मानेकडे बघत होते.

"रविवारी दोन ते पाच," ते शेवटी म्हणाले, "माझं नाव बातिरबेक नाही."

"नाही?"

"नाही. त्या वेळात सुनेला ते नाव जितक्या वेळा घ्यायचं तितक्या वेळा घेऊ दे. तो मी नव्हे. पाच वाजून गेल्यावर घेतलं तर मात्र मी आहेच."

"मग दोन ते पाच तुम्ही कोण?" शेकेर व्याहीणींनी विचारलं.

कुश्तार म्हणाला, "क्रेन-आबा." तेच कागदावर लिहिलं गेलं.

हे हिवाळ्यातलं. आता वसंत लागला आहे. फासे घराबाहेर गेले नाहीत. क्रेन-आबा दर रविवारी दीड वाजताच टेबलाशी येऊन बसतात. प्रत्येक फाशावर वाद घालतात. त्यांना उडणारा शत्रू आवडत नाही, तो आधी जमिनीवर आणा म्हणतात. एल्दियारनं तयार केलेली गोष्ट पहिल्या पंधरा मिनिटांतच मोडून टाकतात.

परवा मी बुरुलला विचारलं, "बरं चाललंय ना गं?"

"आई, या घरापासून लांब असे तीन तास मिळत होते मला. आता घरच टेबलावर येऊन बसलंय."

"मग बंद करतेस का?"

"वेडी आहेस का? या रविवारी त्यांना वादळात पाठवायचं ठरलंय. क्रेनच्या अगदी टोकावर."

"जपून पाठव हो," मी म्हटलं. "त्यांचं वय झालंय."

"आई, खेळात!"

खेळात असलं म्हणून काय झालं?