रिकाम्या बाकावरचं वजन

मंडळी, आज दुपारी एकाने विचारलं, "मोटरबोटीला ट्रिम टॅब कोणते बसवू?" आणि मला चौऱ्याहत्तर सालचं मुळा धरण आठवलं.

तेव्हा मी नागापूरला फिटर होतो. धरणावरची एक बोट डावीकडे कलायची. तिच्या मागच्या कडेला मी दोन रुंद पोलादी पट्ट्या, म्हणजे ट्रिम टॅबच, बसवल्या आणि डावी जरा खाली वाकवली. बोट सरळ पळू लागली.

पण धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावावर येताच ती पुन्हा डावीकडे झुकली. तिकडचं बाक रिकामं होतं.

बोट चालवणारा सखाराम त्याच गावचा. इंजिन मंद करत तो म्हणाला, "पट्टी बराबर हाय, मिस्तरी. माजी आई गाव सोडून आलीच न्हाई. हितंच र्‍हायली."

थोडं पुढे गेल्यावर बोट आपोआप सरळ झाली. मी पट्टीला पुन्हा हात लावला नाही.

तुम्ही लावला असता?