उलटा बाण

रबाळ्याच्या पंपाच्या कारखान्यात मी माहितीपुस्तिका लिहायचे. पंप कसा बसवायचा, कसा चालू करायचा, बिघडला तर कोणाला फोन करायचा. चार वर्षं झाली तरी असिस्टंटच होते. एक दिवस साहेब म्हणाले, "मॅडम, नुसतं लिहून आता भागत नाही. डीटीपी शिका, मग सीनियर करतो."

वाशीतल्या एका क्लासला नाव घातलं. चपला बाहेर काढून आत जायचं, कारण कॉम्प्युटरला धूळ चालत नाही. शिकवणारे सर माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. म्हणाले, "पानावरच्या चित्राचं तोंड कायम आत हवं. बाहेर बघणारं चित्र वाचकाला पानाबाहेर नेतं." मी ते वहीत लिहून दोनदा अधोरेखित केलं.

नव्या पुस्तिकेत पंपाच्या चित्राचं तोंड नेमकं बाहेर होतं. मी ते एका क्लिकसरशी आरशातल्यासारखं फिरवलं, वर नक्षीदार चौकट घातली. साहेब खूश. "याला म्हणतात प्रोफेशनल!" मुख्य इंजिनिअरांनी मुखपृष्ठ पाहून मंजुरीची सही केली.

महिन्याभराने कळंबोलीहून ट्रान्सपोर्टवाल्याची तक्रार आली. ट्रक धुवायला घेतलेला नवा पंप नुसता घरघरतो, पाण्याला जोर नाही. आमचे फिटरकाका निघाले. घणसोली गावातले, पन्नाशी उलटलेले. साहेबांनी मलाही सोबत धाडलं. "दोघं गेलात की कस्टमरला बरं वाटतं."

तिथला इलेक्ट्रिशियन आमची पुस्तिका हातात घेऊनच उभा होता. पानांना तेलाचे डाग, कोपरे दुमडलेले. ती खरोखर वाचलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

तो म्हणाला, "आधी दुसऱ्या बाजूला फिरत होता. पुस्तकात बघितलं, बाण उलटा. मग वायरी बदलून मी बरोबर केला."

काकांनी पंपावरचा रंग पान्याने खरवडला. खाली फिरण्याची दिशा दाखवणारा ओतीव बाण निघाला. त्यांनी तो पाहिला, पुस्तिकेतला पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाय, ह्यो बान कुनी फिरवला?"

"मी."

"कशाला?"

"पानावर बरा दिसत नव्हता."

काकांनी दोन वायरींची अदलाबदल केली, स्विच दाबला आणि पाईप असा उसळला की इलेक्ट्रिशियन नखशिखान्त भिजला. तोच आम्हाला 'थँक यू' म्हणाला.

परतताना मी काकांना म्हटलं, "मला पंप खोलायला शिकवा."

"साडी खराब होल," ते म्हणाले, पण शिकवलं. सहा महिने मी डबा लवकर संपवून शॉपफ्लोरवर जायचे.

साहेबांनी चुकीवर उपाय म्हणून शुद्धिपत्र छापून घेतलं, तेही नक्षीदार चौकटीत. आणि शब्दाला जागून मला सीनियर केलं. पत्रात कारण होतं, 'संगणकावरील प्रभुत्व'.

पुढे महाप्याच्या एका कंपनीत मुलाखत दिली. पंप मी स्वतः खोलून, जोडून मग लिहिते, असं मी अभिमानाने सांगितलं. समोरच्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे. सॉफ्टवेअर कुठली येतात?"

मी नावं सांगितली. नोकरी मिळाली.