भोंग्यावरची ओब्दुलिया

ओब्दुलियाइतकी भित्री बाई आमच्या सांता उर्सुला गावात दुसरी नाही, हे मी तिच्या तोंडावर सांगत आले आणि आताही सांगते. वीज कडाडली की ती खाटेखाली, अनोळखी गाडी गल्लीत शिरली की माझ्या पावाच्या भट्टीमागे. तिच्या मुलीची मी धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. शिवाय दोन घरांत भिंत एकच. तिच्याकडे काय शिजतंय ते मला नाकाने कळतं, आणि निजण्याआधी ती कितीदा कडी चाचपते ते कानाने.

आणि अशा बाईच्या हाती गावाने भोंगा दिलेला! नगरपालिकेच्या गच्चीवर कर्णे, आणि जिन्याखालच्या खोलीत ओब्दुलिया, तिचं यंत्र आणि कॅसेटींचा पत्र्याचा डबा. तिथे मात्र तिचा आवाज कधी कापायचा नाही. समोर माणूस नसतं ना, म्हणून.

आमच्याकडे भोंग्यावर आधी वाजंत्री, मग शब्द. कुणाकडे डुक्कर कापलं असेल तर नाचाचं गाणं. तेकियो असेल, म्हणजे सगळ्यांनी फावडी घेऊन गावाच्या कामाला जायचं असेल, किंवा सभा असेल, तर बँडची जलद चाल. आणि कोणी गेलं तर तोच बँड, पण संथ चाल. ती सुरू झाली की हातातलं काम टाकायचं, मेणबत्ती घ्यायची, घरात असेल ते मका-साखर घ्यायचं आणि नगरपालिकेपुढे जमायचं. नाव तिथे ऐकायचं आणि तसंच मयताच्या घरी जायचं. ती चाल मध्येच तोडायची नाही. जिवंतपणी माणसाला कोणीही मध्येच गप्प करतं, मेल्यावर तरी पुरं वाजू द्या, असं आमची म्हातारी माणसं म्हणायची.

त्या वर्षी नगराध्यक्ष होता एफ्राइन. पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या एका कंपनीला आमचा डोंगरावरचा झरा तीस वर्षांसाठी द्यायचं त्याच्या मनात आलं. गाव त्याच झऱ्यावर जगतं. त्याने सभा बोलावली, हातात काठी घेऊन नकाशा दाखवला आणि पाणी पुरून उरेल म्हणाला. तेव्हा पाणी समितीचा प्रमुख नाबोर कुएवास उठला. आडदांड गडी, आवाज खेचराला बुजवेल असा.

"एफ्राइन, झरा तुझ्या बापाने खणला का रे?"

"नाबोर, नीट बोल. सभा आहे."

"नीटच बोलतोय. सभा नसती तर बापाचं नाव विचारलं असतं."

सभा खदाखदा हसली. मग हात वर करायला सांगितले. मी मान वळवून पाहिलं, पुढच्या बाकावरचे एफ्राइनचे सोयरे सोडले तर हात कुठे नव्हते. तरी एफ्राइन म्हणाला, "मंजूर," आणि टोपी उचलून चालता झाला. त्याच्या मागे नुसता आरडाओरडा.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी नाबोरची गाडी झऱ्याच्या वाटेवर, पिएद्रा आंचाच्या वळणाखाली दरीत सापडली. दार उघडं, टोपी आसनावर, नाबोर नाही. रक्त नाही, पावलं नाहीत. शहरातून पोलीस आले, माझा पाव खाल्ला, चांगला आहे म्हणाले आणि गेले. गावात लोक एकदम हळू बोलायला लागले. माझ्या दुकानात बायका पाव मागायच्या तोही कुजबुजत.

नाबोरची बायको पेत्रोनिला रोज सकाळी जिन्याखालच्या खोलीत यायची आणि ओब्दुलिया भोंग्यावर सांगायची: नाबोर कुएवास, तपकिरी जाकीट, डाव्या भुवईवर व्रण, कोणी पाहिला असेल तर घरी कळवा. या सूचनेआधी कोणती कॅसेट लावावी ते तिला कळेना. नाचाची लावणं शोभेना, मयताची लावायला हात धजेना. मग ती काहीच लावायची नाही.

एक दिवस एफ्राइनचा मेव्हणा बेतो तिच्या दारात येऊन उभा राहिला. सुरीने संत्रं सोलत होता. पुढचं सगळं तिने मला त्याच संध्याकाळी सांगितलं, शब्दन् शब्द.

"ओब्दुलियाबाई, ती नाबोरची सूचना आता पुरे. लोकांना जेवण जात नाही."

"पेत्रोनिला येते हो रोज. तिला काय सांगू?"

"भोंगा बिघडला म्हणा. यंत्रं बिघडतात. माणसंसुद्धा बिघडतात." त्याने संत्र्याची फोड तिच्यापुढे धरली. तिने घेतली. नको म्हणायची छाती कुठून आणणार? मग त्याने एक कागद टेबलावर ठेवला. "उद्या दुपारी कंपनीचे वकील येणार आहेत. सह्या करण्याआधी गावाला जाहीर केलेलं त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचंय. सभेने बहुमताने झरा दिला, कुणाची हरकत नाही. एवढंच वाचायचं."

"पण सभेने तर..."

"तुमची मुलगी तिकडे वाहाका शहरात कुठल्या गल्लीत राहते म्हणालात?"

"मी कुठे काय म्हणाले?"

"नाही? मग मला कुणी सांगितलं बरं?"

हे सांगताना ती माझ्या भट्टीला पाठ लावून बसली होती आणि तरी थंडीने कुडकुडत होती. मी कणीक मळता मळता म्हटलं, "वाचू नकोस. घसा बसला म्हण, ताप आला म्हण."

"आणि पोरगी?"

मी कणकेवर मूठ आपटली. ती म्हणाली, "मी वाचणार, कोमाद्रे. झरा गेला तर गाव मला शिव्या घालेल, घालू दे. शिव्यांनी कोणी मरत नाही." मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली.

दुसऱ्या दिवशी वकिलासाठी गोड पाव एफ्राइनने माझ्याचकडून मागवला होता. टोपली घेऊन मी नगरपालिकेत गेले तेव्हा वकील अंगणात रुमालाने मान पुसत उभा होता, एफ्राइन त्याला गरम चॉकलेटचा पेला देत होता. जिन्याखालच्या खोलीचं दार उघडं होतं. ओब्दुलिया यंत्रापुढे, बेतो तिच्या खुर्चीमागे. तिची नजर कागदावरून हलत नव्हती. तिने न बघताच डब्यात हात घातला, कॅसेट काढली, यंत्रात सारली, कळ दाबली.

आणि वरच्या कर्ण्यांतून मयताची चाल सुरू झाली.

आज गावात जो तो सांगतो की ओब्दुलियाने मुद्दाम लावली. मी तिथे होते, दोन हातांवर. माझ्या मेलेल्या आईची शपथ घेऊन सांगते, तिचा चेहरा प्रेतासारखा पांढरा पडला. ती यंत्राकडे अशी बघत होती, जणू त्यातून जनावरच बाहेर आलंय. पाचावर धारण बसलेल्या बाईचा हात चुकला, बाकी काही नाही.

"बंद कर ते!" बेतो ओरडला. तिचे हात उचलेनात. त्याने स्वतःच कळीकडे हात नेला आणि तिथेच थांबला. शेवटी तोही इथलाच. बापाला पोचवताना त्यानेही हीच चाल ऐकली होती.

बाहेर सुताराचा हातोडा थांबला. दुकानांच्या फळ्या लागल्या. मग माणसं यायला लागली, भर उन्हात मेणबत्त्या घेऊन, कोणी न बोलता. प्रत्येकाच्या मनात एकच नाव होतं. सगळ्यांच्या पुढे पेत्रोनिला, अनवाणी, धावत. "कुठे सापडला?" ती ओरडत होती. "सांगा ना, कुठे सापडला?"

चाल पुरी वाजली. आता ओब्दुलियाने चूक झाली म्हणायला हवं होतं. पण घाबरलेलं माणूस काय करतं? सांगितलेलं करतं. तिने कागद उचलला आणि वाचला. सभेने बहुमताने गावचा झरा तीस वर्षांसाठी दिला आहे, कुणाचीही हरकत नाही. भोंग्यावर तिचा आवाज कापलेला गावाने पहिल्यांदा ऐकला.

पेत्रोनिला खोलीच्या दाराशी पोचली होती. "म्हणजे नाबोर नाही?"

"नाही गं. नाही. नाबोरचं काही कळलं नाही."

पेत्रोनिला मटकन खाली बसली. मग तिने हातातली मेणबत्ती पेटवून नगरपालिकेच्या उंबऱ्यावर चिकटवली आणि मागे वळून म्हणाली, "झऱ्याचं मयत आहे. बसा."

आणि माणसं बसली. अंगणात, पायऱ्यांवर, रस्त्यात, मयताला बसतात तशी. वकिलाने एफ्राइनला विचारलं, "हे काय चाललंय?"

"सण आहे आमचा एक," एफ्राइन म्हणाला. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

वकील काही दूधखुळा नव्हता. त्याने पायरीवरच्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, सभेने खरंच मंजुरी दिली का?"

"मयताला मंजुरी कोण देतं, साहेब?" म्हातारा म्हणाला.

वकिलाने मेणबत्त्यांकडे पाहिलं, पिशवी बंद केली आणि गाडीत बसला. माझ्या पावाला त्याने हातसुद्धा लावला नाही. पुढच्या आठवड्यात एफ्राइन तब्येतीचं कारण सांगून शहरात गेला तो आलाच नाही. कंपनीचाही निरोप नाही. झरा वाचला. नाबोर सापडला नाही. आणि बेतो कुठेही गेला नाही. तो रोज चौकातल्या दुकानापुढे बसून संत्रं सोलतो.

तेव्हापासून गाव ओब्दुलियाला वाघीण म्हणायला लागलं. बाजारात बाया तिला टोमॅटो फुकट देतात. ती बिचारी प्रत्येकाला सांगते, "अगं, चुकून लागली ती कॅसेट!" लोक हसतात आणि म्हणतात, बघा, किती साधी आहे. मी खरं सांगायला गेले तर मलाच म्हणाले, "चोना, शेजारणीचं कौतुक बघवत नाही का तुला?"

मग नाबोरच्या जागी माणूस नेमायला सभा भरली. आमच्याकडे सभेने नाव घेतलं की नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणाऱ्याचं पाणी तुटतं, आणि पुढे गावच्या दफनभूमीत त्याला जागाही मिळत नाही. पाणी समितीच्या प्रमुखाला रोज वर झऱ्यावर जावं लागतं, पिएद्रा आंचाच्या वळणावरून, एकट्याने. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. तेवढ्यात पेत्रोनिला उठली.

"ओब्दुलिया," ती म्हणाली.

सभेत सुटकेचा सुस्कारा पसरला आणि हात वर गेले. एवढे हात मी जन्मात पाहिले नव्हते. ओब्दुलियाने माझा दंड असा धरला की नखं रुतली. "कोमाद्रे, तू तरी हात वर करू नकोस," ती पुटपुटली. मी दोन्ही हात मांडीवर दाबून धरले. त्याने काय होणार होतं? तिला उभं राहावंच लागलं. ती माणसांमधून वाट काढत पुढे गेली, नाबोरच्या रिकाम्या खुर्चीपाशी. कोणीतरी तिच्या हातात माईक दिला. या वेळी समोर माणसं होती.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "देवाशप्पथ, मला फार भीती वाटते."

सभा हसली. मग टाळ्या वाजायला लागल्या, लोक उठून उभे राहिले, मागून कोणी "वाघीण! वाघीण!" ओरडलं. मी दाराकडे पाहिलं. तिथे बेतो चौकटीला टेकून उभा होता. तो हसत नव्हता, टाळ्याही वाजवत नव्हता. तो तिचं बोलणं नीट कान देऊन ऐकत होता. त्या भरल्या सभेत तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवणारे आम्ही दोघंच होतो, मी आणि तो.